त्याचा लॅपटॉप

आमच्या घरात 'तो' म्हटलं की एकच, माझा धाकटा भाऊ. कित्येक वर्षं झाली अमेरिकेत आहे, पण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडी रोज सकाळच्या चहाबरोबर तो येतोच. 'त्याचा फोन आला का', 'त्याला हे आवडायचं', 'तो इथे असता तर'. तो इथे असता तर काय झालं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. सोफ्यावर पडून 'ताई, चहा टाक ना' म्हणाला असता.

मी मात्र इथेच असते. सहकारनगरात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्यात अण्णा आणि मी. लग्न केलं नाही. का केलं नाही हा विषय सोसायटीत पुरेसा चघळून झालाय, इथे परत नको. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य घातलं. मला डिग्रीला जायचं होतं. तेव्हा अण्णा म्हणाले होते, "मुलीला डिप्लोमा म्हणजे डोक्यावरून पाणी." त्याच्या वेळी घरात डिग्रीशिवाय दुसरा शब्द नव्हता. पुढे कारखान्याने आमचा विभागच बंद केला आणि मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी.

हे सगळं आज लिहायला बसले ते एका लॅपटॉपमुळे. तो त्याने आणला होता. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा काळा, जाडजूड, दोन विटांएवढा लॅपटॉप अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही यावर टाइप करायचं." अण्णा सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. उभा जन्म टाइपरायटरवर गेला. निवृत्तीनंतर त्यांची बोटं नुसती गुडघ्यावर वाजायची. लॅपटॉप आला आणि आठवड्याभरात त्यांचा हात त्यावर असा बसला की मग उठलाच नाही. सोसायटीचे सेक्रेटरी झाले, आणि आमच्या फलकावर रोज नवी नोटीस लागायला लागली. 'जिन्यात चपला काढणाऱ्यांनी पायही तिथेच काढून ठेवावेत.' 'गच्चीवर वाळत घातलेले पापड कबुतरांना आवडले. कळवण्यास आनंद होतो.' आजूबाजूच्या सोसायट्यांमधली माणसं वाचायला यायची. अण्णा वरून गॅलरीतून बघायचे आणि आपण बघतच नाही असं दाखवायचे.

दर खंडेनवमीला त्या लॅपटॉपची पूजा व्हायची. लोक हत्यारं पूजतात, अण्णांचं हत्यार ते. पाटावर ठेवायचा, झाकणावर कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. पुसलं तरी कुंकवाचा डाग राहायचा. वर्षानुवर्षं त्याच जागी बोट लागून झाकणावर एक लालसर गोल कायमचा उमटला होता.

मग अण्णांना झटका आला. हलका होता, डॉक्टर म्हणाले. हलका म्हणे! तोंडाचा उजवा कोपरा वाकडा झाला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "बोटं चालती ठेवा. टाइप करतात ना? मग करू द्या, तोच व्यायाम." आणि नेमका त्याच पावसाळ्यात लॅपटॉप बंद पडला. बटण दाबलं, करपल्याचा वास आला आणि संपलं.

मेट्रोने मंडईला उतरले आणि लॅपटॉप पिशवीत घेऊन बुधवार पेठेतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने मागचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि गंभीर होऊन विचारलं, "कधी गेला?"

"कोण?"

"हा. मदरबोर्ड जळलाय, मॅडम. याचे पार्ट आता मिळत नाहीत. घरी न्या, रडा, नवीन घ्या."

नवीन! अण्णांना नवीन घ्यायला लावणं म्हणजे पुण्यात रिक्षावाल्याला जवळच्या अंतरावर यायला लावण्याइतकं सोपं. भावाला फोन केला, तर त्याने कोणाबरोबर तरी एक चकचकीत टॅबलेट पाठवून दिला. अण्णांनी काचेवर डाव्या हाताचं बोट टेकवलं, उचललं, बघितलं. "काचेवर बोटं आपटून कोणी टाइप करतं का?" म्हणाले आणि टॅबलेट खोक्यात घालून माझ्या हातात दिला. 'ठेव नीट, त्याने प्रेमाने पाठवलाय' हे वर. मग मी नवा कीबोर्ड आणला. अण्णांनी तीन अक्षरं टाइप केली आणि दूर सारला. "हात बसत नाही." त्यांना दुकानात नेऊन नवा लॅपटॉप दाखवला, तिथेही तेच. घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. त्यानंतर नोटीस बंद, बोलणं बंद, गॅलरीत जाणं बंद. भाऊ फोनवर सांगायचा, "ताई, त्यांना मोटिव्हेट कर." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

मला भीती वाटत होती. हा हात गेला की मागोमाग माणूसही जाणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा मनात आलं, अण्णांना हवाय तो आतला मदरबोर्ड नाहीच. त्यांना हव्यात त्या कळा, ते झाकण, तो कुंकवाचा डाग. आत काय आहे याच्याशी त्यांना काय करायचंय? पत्त्याच्या पानाएवढा आख्खा कॉम्प्युटर हल्ली मिळतो, एकाच पट्टीवर सगळं. शाळेतली पोरं त्यावर रोबो बनवतात. ती पट्टी या लॅपटॉपच्या पोटात घालायची, पडदा जुना, कळा जुन्या, खोका जुना. बुधवारातल्या त्याच दुकानदाराकडे परत गेले आणि ती पट्टी, पडदा चालवणारी दुसरी पट्टी आणि तारा मागितल्या. कशाला हव्यात ते ऐकून म्हणाला, "मॅडम, हौस आहे." मी म्हटलं, "नाही, वडील आहेत."

अण्णांना मी सांगितलं की लॅपटॉप दुरुस्तीला टाकलाय. खरं सांगितलं असतं तर त्यांनी हात लावू दिला नसता. "तुला काय कळतंय त्यातलं, आधी त्याला विचार" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. घरातली इस्त्री, मिक्सर, टीव्हीचा रिमोट सगळं मी दुरुस्त करायची आणि तरी काही बिघडलं की त्याला विचारायचं असायचं. म्हणून ठरवलं, आधी करून दाखवायचं, मग सांगायचं. सुरू करून समोर ठेवायचा आणि म्हणायचं, अण्णा, हा मी केलाय. मला दुसरं काहीही नको होतं. 'तू केलंस? वा' एवढं त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने असलं काही मागावं याची लाज वाटते, पण हवं होतं हे खरं.

अण्णा दुपारी जेवून झोपले की मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायची. आतलं सगळं जळकं काढलं. प्लास्टिकचे खुंट नव्या पट्टीच्या आड येत होते, ते तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने कापले. त्याचा वास जावा म्हणून उदबत्ती लावायची, आणि अण्णा उठून म्हणायचे, "आज काय आहे, संकष्टी?" पडदा लवकर जमला. कळांनी मात्र जीव घेतला. कीबोर्डची चपटी केबल नव्या पट्टीला कळत नाही. कोणती कळ दाबली की कोणत्या दोन तारा जुळतात हे एकेक कळ दाबून, मीटर लावून शोधायचं. पीं वाजलं की ती कळ सापडली. नाही वाजलं की पुन्हा. कारखान्यात हेच तर केलं होतं जन्मभर, दुसऱ्याच्या मालातला दोष शोधायचा. इथे पहिल्यांदा घरच्यासाठी करत होते.

आणि एकदा सगळं बसलं तेव्हा लक्षात आलं की खोका हलका झालाय. अण्णा मांडीवर घेतील तर लगेच ओळखतील. मग जुन्या बाजारातून तराजूचं एक लोखंडी वजन आणलं आणि आत एम-सीलने पक्कं बसवलं. मग ध्यानात आलं, हा आवाज करत नाही. जुना कसा घूं घूं करायचा. या पट्टीला पंख्याची गरज नव्हती, तरी मी एक बारकासा पंखा लावला, नुसता वाजायला. जुनी डिस्क शाबूत होती. तिच्यातल्या नोटिसा काढल्या, टाइपरायटरचीच कळांची मांडणी बसवली. शेवटी पडद्यावरचा फोटो. तो, त्याची बायको, मागे बर्फ आणि त्याचं घर. तो फोटोही मी शोधून माझ्या हातांनी परत तिथे लावला. अक्कल गहाण ठेवावी ती अशी.

संध्याकाळी अण्णांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कुंकवाच्या डागावरून हात फिरवला, झाकण उघडलं, बटण दाबलं. पंखा वाजला. फोटो आला. अण्णा दचकून माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, हा आला की!" जणू भाऊच दारात उभा होता.

"चित्रं जरा वेगळी दिसतायत."

"अपडेट झालंय, अण्णा."

अपडेट म्हटलं की पुण्यातला कुठलाही म्हातारा गप्प बसतो. अण्णांनी डावा हात ठेवला, मग उजवा उचलून ठेवला. उजव्या हाताचं एक बोट हललं. मग दुसरं. फार वेळ लागला, पण नोटीस झाली. 'सेक्रेटरी आजारी होते, मेलेले नव्हते. जिन्यातल्या सायकली हलवाव्यात.' मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

डोळे पुसून बाहेर आले ते सांगायचं ठरवूनच. तर अण्णांनी माझाच फोन घेऊन त्याला व्हिडिओ कॉल लावलेला. "अरे, तुझा लॅपटॉप! सुरू झाला! काही झालं नव्हतं रे, धूळ बसली असेल. माल कोणी घेतलाय शेवटी?" आणि फोन माझ्या हातात दिला, लॅपटॉप त्याला नीट दिसावा म्हणून. मी फोन धरून उभी. तोंड उघडलं होतं मी. पण अण्णा हसत होते, तोंडाचा वाकडा कोपरासुद्धा हसत होता. किती महिन्यांनी! म्हटलं, आत्ता नको. उद्या सांगू.

उद्या उद्या करत दसरा आला. आणि नेमका तोही आला, ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला आला होता, तिथून दोन दिवस पुण्याला. खंडेनवमीला अण्णांनी पाटावर लॅपटॉप ठेवला. मी माझा स्क्रू-ड्रायव्हर आणि मीटर शेजारी नेऊन ठेवला.

"हे काय?"

"माझी हत्यारं."

"असू देत, असू देत," अण्णा म्हणाले. लॅपटॉपला कुंकू लावलं, जुन्या डागावर बरोबर, झेंडूचं मोठं फूल वाहिलं. उरलेल्या पाकळ्या माझ्या हत्यारांवर टाकल्या. मग मुलाला म्हणाले, "ये, बस, बघ कसा चालतो तुझा."

तो बसला. झाकण उघडलं, बटण दाबलं आणि दोन क्षणांत त्याला कळलं. कॉम्प्युटरवरच पोट आहे त्याचं, कळणार नाही तर काय? त्याने पडद्याकडे बघितलं, मग लॅपटॉप किंचित उचलून बघितला, मग माझ्याकडे. मी तिथेच उभी, हातात आरतीचं तबक. मला वाटलं, आता बोलेल. म्हणेल, अण्णा, हा माझा नाही, ताईने केलाय. माझ्या तोंडून नाही तर नाही, त्याच्या तोंडून कळू दे. उलट जास्तच बरं. त्याचं अण्णांना पटतं.

"वा," तो म्हणाला. "मस्त चालतोय, अण्णा. मी म्हणालो होतो ना, घेताना चांगलाच घ्यावा."

नंतर स्वयंपाकघरात आला. श्रीखंडाच्या पातेल्यात बोट घालून चाटलं आणि हळूच म्हणाला, "ताई, सॉलिड आहेस तू! कीबोर्ड कसा जमवलास? पण त्यांना नको सांगूस हां, उगाच कन्फ्यूज होतील. खूश आहेत ना, बास." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि नागोबा वर मला समजावत होता. मी म्हटलं, "बोट धू आधी." दुसऱ्या दिवशी टॅक्सी आली आणि तो मुंबई विमानतळाकडे गेला.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मिक्सर बंद पडला. चटणी अर्धी वाटलेली. मी मिक्सर उलटा करून बघत होते, अण्णा मांडीवर लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीची नोटीस टाइप करत होते. उजव्या हाताची चारही बोटं आता चालत होती. ते मान वर न करता म्हणाले, "वस्तू आणावी तर त्याने. हा बघ, किती वर्षं झाली, एकदा धूळ काढली, परत ठणठणीत. तू आणलेलं काही टिकतच नाही."

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं, डिप्लोमापासूनचं. मी गेले, त्यांच्या मांडीवरून लॅपटॉप उचलला, जेवणाच्या टेबलावर पालथा घातला आणि स्क्रू काढायला लागले.

"अगं, अगं! काय करतेस? नोटीस आहे त्यात!"

"या इथे, अण्णा. बघा."

झाकण काढलं. अण्णा काठी टेकत आले आणि वाकून बघायला लागले. बहुतेक सगळी पोकळीच. मधे ती पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पट्टी, इकडून तिकडे तारा, कोपऱ्यात बारका पंखा, आणि एम-सीलने चिकटवलेलं लोखंडी वजन.

"यात त्याचं काही नाही," मी म्हटलं. "त्याचा जळला, पावसाळ्यातच. ही पट्टी मी आणली. एकेक कळ मी जोडली. दुपारी तुम्ही झोपायचात तेव्हा. हा पंखा नुसता वाजायला आहे. तुम्हाला आवाजाची सवय म्हणून."

"आणि हे वजन?"

"तुम्हाला हलका लागू नये म्हणून."

अण्णांनी तोच उजवा हात पुढे केला, त्या वजनाला लावला, मग तारांना.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो, अण्णा."

मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

"म्हणजे त्याचं जे होतं ते सगळं काढून टाकलंस."

"जळलं होतं ते!"

"जळलं म्हणून काय झालं? त्याला एका शब्दाने विचारायचंस तरी. त्याची वस्तू ती." मग घाबरल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "त्याला कळलं तर काय वाटेल त्याला?"

"कळलंय त्याला. दसऱ्याला आला होता ना, तेव्हाच. उघडल्या उघडल्या कळलं."

अण्णा खुर्चीचा आधार घेऊन हळूहळू बसले. "कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी तुला काही बोलला नाही?"

"नाही."

अण्णांचे डोळे भरून आले. झटका आला तेव्हासुद्धा मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं.

"बघ," ते म्हणाले. "केवढ्या मोठ्या मनाचा आहे तो."

मी झाकण परत बसवलं. स्क्रू आवळताना ते म्हणाले, "जरा लवकर कर, टाकीची नोटीस राहिलीय." मी शेवटचा स्क्रू आवळला आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. पंखा वाजायला लागला.